एक्सने नोकरी बदलली, मुलाचा हेल्थ इन्शुरन्स बंद पडलाय. कोर्ट ऑर्डर आहे, आता काय करू? (कॅलिफोर्निया)

निळी_शाई (फ्रीमाँट)

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, समजून घ्या.

माझा डिव्होर्स २०२३ मध्ये झाला, अलामेडा काउंटीत. मुलगा आता सात वर्षांचा आहे, राहतो माझ्याकडे, एक आड एक वीकेंडला बाबाकडे जातो. जजमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय की मुलाचा हेल्थ इन्शुरन्स वडिलांनी नोकरीतून चालू ठेवायचा आणि इन्शुरन्स देत नाही तो खर्च दोघांनी अर्धा अर्धा. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं म्हणून मी कधी काही विचारलंही नाही.

मागच्या आठवड्यात फार्मसीत गेले, मुलाला दमा आहे त्याचा रोजचा इनहेलर आणायला. खिडकीतल्या मुलीने कार्ड स्कॅन केलं, परत केलं, मग म्हणाली तुमचं कव्हरेज टर्मिनेटेड दाखवतंय, दुसरं कार्ड आहे का. मागे रांग आणि हा माझा हात धरून उभा. रेस्क्यू इनहेलर घरी होता, पण रोजचा चुकवून चालत नाही म्हणून पूर्ण किमतीला घेतला. त्याच्या आधी दोनच आठवडे त्याला रात्री धाप लागली म्हणून अर्जंट केअरला नेलं होतं, नेब्युलायझर दिला होता, आता त्याचंही बिल येणार हे लक्षात आलं आणि पायाखालची जमीनच सरकली.

एक्सला फोन केला तर कळलं की त्याने नोकरी बदललीय, जुना इन्शुरन्स जून अखेरीला संपला. नव्या ठिकाणी त्याने इन्शुरन्स घेतलाच नाहीये, त्याची आताची बायको जिथे काम करते तिच्या प्लॅनवर तो गेलाय. मुलाचं काय विचारलं तर म्हणे नोव्हेंबरमध्ये ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) येईल तेव्हा बघू. आणि वर, तुला दर महिन्याला चाइल्ड सपोर्ट देतो ना, त्यातून भर.

मी प्रीस्कूलमध्ये असिस्टंट आहे, तासांवर काम, बेनिफिट्स नाहीत. वकिलाची रिटेनर फी आता झेपणारी नाही. साताऱ्याहून आई म्हणते मी त्याच्या आईशी बोलते, ती त्याला समज देईल. मला तो मार्ग नको वाटतोय. खरंच नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं का? चाइल्ड सपोर्टच्या पैशात इन्शुरन्स धरलेला असतो का? आणि ही बिलं कोणी भरायची?

मोगरा_सॅनहोजे

ताई, आधी मुलाला कुठलं तरी कव्हर आजच्या आज, बाकी सगळं मागून. दमा असलेलं मूल एक महिनाही विनाइन्शुरन्स ठेवायचं नाही.

तुझ्या उत्पन्नावर तो मेडि-कॅलमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्समध्ये, बसण्याची चांगली शक्यता आहे. मोठ्यांसाठी मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के आहे पण मुलांसाठी २६६ टक्के, त्यामुळे आपण बसत नाही असं गृहीत धरून गप्प बसू नको. तुला मिळणारा चाइल्ड सपोर्ट त्या उत्पन्नात धरत नाहीत. टॅक्समध्ये मुलाला वडील दाखवत असले तरी मूल तुझ्याकडे राहतं म्हणून मेडि-कॅलला तुझं घर बघतात. नाहीच बसलं तर कव्हर्ड कॅलिफोर्नियावर, म्हणजे राज्याच्या इन्शुरन्स बाजारावर, मधल्या काळातही प्लॅन घेता येतो, त्याला स्पेशल एनरोलमेंट म्हणतात, पण त्याला ६० दिवस असतात आणि ते कव्हरेज संपल्यापासून मोजतात, तुला कळलं तेव्हापासून नाही. म्हणजे जून अखेरपासून. कॅलेंडर काढून बघ.

आता ऑर्डरचं. नोव्हेंबरपर्यंत थांबायचं हे साफ चूक आहे. कोर्टाच्या ऑर्डरने मुलाला टाकायचं असेल तर ओपन एनरोलमेंटची अट लागत नाही, हा अख्ख्या देशाचा नियम आहे, १९९३ पासून. मूल त्याच्यासोबत राहत नाही किंवा त्याच्या टॅक्स रिटर्नवर नाही या कारणावरूनही प्लॅनला नाही म्हणता येत नाही.

आणि वकील नको असेल तर काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट एजन्सीकडे केस उघड. ऑनलाइन अर्ज होतो, फी नाही. ते त्याच्या नव्या एम्प्लॉयरला नॅशनल मेडिकल सपोर्ट नोटीस पाठवतात. ती नोटीस त्याला समजावत बसत नाही, थेट त्याच्या कंपनीला सांगते की या मुलाला प्लॅनमध्ये घाला आणि प्रीमियम याच्या पगारातून कापा. माझ्या बाबतीत वर्षभर मेसेजवर मेसेज चालले होते, टाकतो, बघतो, एचआर उत्तर देत नाही, मी फॉर्म भरलाय. नोटीस गेली आणि त्याच्या इच्छेचा प्रश्नच उरला नाही. म्हणून सांगते, त्याच्याशी वाद घालण्यात आणि दोन्ही आयांना मध्ये घालण्यात एक दिवसही घालवू नको. ऑर्डर तुझ्या हातात आहे, ती जिथे लागू पडते तिथे पोचव.

चाइल्ड सपोर्टमधूनच भर हे तर कायद्यात उलटं आहे. कॅलिफोर्नियात मुलाच्या इन्शुरन्सचा खर्च हा गाइडलाइन (राज्याच्या सूत्राने ठरणाऱ्या) चाइल्ड सपोर्टच्या वरचा असतो, त्यातला नाही. आकडा काढताना तो भरत असलेला प्रीमियम त्याच्या उत्पन्नातून वजा धरतात, म्हणजे त्याला त्याची सूट तिथे मिळालेली असते. इन्शुरन्सच भरत नसेल तर तो हिशेबच बदलतो, हेही लक्षात ठेव.

निळी_शाई (फ्रीमाँट)

मोगराताई, खूप खूप आभार. मेडि-कॅलचा अर्ज आज रात्रीच भरते. एक शंका. तो स्वतःच नव्या कंपनीच्या प्लॅनवर नाहीये, बायकोच्या प्लॅनवर आहे. मग त्याची कंपनी मुलाला कशी घेईल? तो म्हणतो मी एम्प्लॉई म्हणून वेव्ह केलंय, म्हणजे कंपनीचा प्लॅन नाकारलाय, आता काहीच करता येत नाही.

बेनिफिट्स_डेस्क (फ्रिस्को, टेक्सस)

मी गेली कित्येक वर्षं एका कंपनीत बेनिफिट्स बघतो, या नोटिसा माझ्याच टेबलावर येतात, म्हणून आतली बाजू सांगतो.

वेव्ह केलं असलं तरी फरक पडत नाही. मुलाला घ्यायला आधी एम्प्लॉई प्लॅनमध्ये असणं गरजेचं असेल तर आम्ही दोघांनाही एनरोल करतो, त्याची सही लागत नाही. नोटिशीचे दोन भाग असतात. पहिला एम्प्लॉयरसाठी, दुसरा प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरसाठी. नोटिशीच्या तारखेपासून २० बिझनेस दिवसांच्या आत मला दुसरा भाग पुढे पाठवावा लागतो किंवा का पाठवता येत नाही ते एजन्सीला कळवावं लागतं, उदाहरणार्थ माणूस नोकरी सोडून गेला किंवा कंपनीत फॅमिली कव्हरेजच नाही. प्लॅनला त्याच तारखेपासून ४० बिझनेस दिवस असतात. कंपनीत तीन-चार प्लॅन असतील तर एजन्सीला विचारतात कुठला हवा, तिकडून २० बिझनेस दिवसांत उत्तर नाही आलं तर डिफॉल्ट प्लॅनमध्ये टाकतात. इथेच तुम्ही लक्ष घाला ताई. एजन्सीच्या केसवर्करला आधीच लेखी कळवा की मुलाला दमा आहे, त्याचे डॉक्टर अमुक नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनच्या डॉक्टरांच्या यादीत, आहेत. नाहीतर डिफॉल्ट म्हणून भलत्याच राज्यातला असा प्लॅन लागतो की फ्रीमाँटमध्ये एक डॉक्टर सापडत नाही.

एम्प्लॉई माझ्याकडे येऊन भांडतात, कधी रडतात पण. मी त्यांना एवढंच सांगतो की नोटीस चुकीच्या माणसाला आली असेल किंवा ऑर्डरच नसेल तर एजन्सीकडे हरकत घ्या, तोवर मी कपात थांबवू शकत नाही.

नोकरी बदलली की सगळं नव्याने सुरू करावं लागतं का, असं बरेच विचारतात. केस एजन्सीकडे असेल तर नाही. प्रत्येक एम्प्लॉयरला नवा माणूस घेतला की २० दिवसांत राज्याला कळवावं लागतं, ती नावं चाइल्ड सपोर्टच्या केसेसशी ताडून बघतात आणि जुळलं की नव्या कंपनीला नोटीस निघते. तुमची केस एजन्सीकडे नव्हती म्हणून हे आपोआप झालं नाही.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाची आहे. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा हक्क. जुन्या कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर मुलाला स्वतःचा वेगळा हक्क आहे, वडिलांनी कोब्रा घेतलं नाही तरी फक्त मुलासाठी घेता येतं आणि लहान मुलाच्या वतीने आई सही करू शकते. निवडायला ६० दिवस असतात, कव्हरेज संपल्याची तारीख किंवा कोब्राच्या नोटिशीची तारीख, जी नंतरची असेल तिथून. आणि निवडलं की कव्हरेज मागच्या तारखेपासून धरतात, खंड पडत नाही. म्हणजे जुलैतलं ते अर्जंट केअरचं बिल जुन्या प्लॅनखाली जाऊ शकतं. प्रीमियम महाग असतो, पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत, पण एकट्या मुलाचा दर लागतो, फॅमिलीचा नाही. पहिला हप्ता भरायला निवडल्यापासून ४५ दिवस मिळतात. बिलं किती येतायत ते बघून ठरवता येतं. कोब्राची नोटीस बहुतेक एक्सच्या पत्त्यावर पडली असेल, जुन्या कंपनीच्या एचआरला किंवा त्यांच्या कोब्रा कंपनीला फोन करून स्वतः मागवून घ्या, ऑर्डरची कॉपी जोडा.

आमच्या टेक्ससमध्ये फॅमिली कोडमध्ये तर असं आहे की इन्शुरन्स द्यायची ऑर्डर असताना दिला नाही तर त्या काळातल्या मुलाच्या आवश्यक वैद्यकीय खर्चाची जबाबदारी त्या पालकावरच येते. डेंटलची ऑर्डरही २०१८ पासून वेगळी काढतात. कॅलिफोर्नियाचं मोगराताई जास्त सांगतील.

दोन_घरांचा_बाबा (सनीव्हेल)

मी पलीकडच्या बाजूचा आहे. दोन मुली, इन्शुरन्स माझ्या नोकरीतून, ऑर्डरप्रमाणे. ताई, तुमच्या एक्सने जे केलं त्याला काहीही सबब नाही. नोकरी बदलताना मुलाचं कार्ड हा पहिला फॉर्म भरायचा असतो.

पण पुढे अर्ध्या बिलांचा विषय येणारच म्हणून ऑर्डरसोबत जो एफएल-१९२ नावाचा कागद असतो तो एकदा नीट वाचा. बहुतेक लोक तो मागचा कागद म्हणून फाइलमध्ये टाकून देतात. त्यात लिहिलंय की खर्च झाल्यापासून ३० दिवसांच्या आत दुसऱ्या पालकाला बिलाचा तपशील द्यायचा आणि मग दुसऱ्याने ऑर्डरमध्ये दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत आपला हिस्सा द्यायचा. फोनवर सांगितलं, मुलाच्या हातून चिठ्ठी पाठवली, हे चालत नाही. ईमेल करा, बिल जोडा, पैसे भरले असतील तर पावती जोडा, एकूण किती, इन्शुरन्सने किती दिले, तुमचा हिस्सा किती, त्याचा किती. माझी एक्स महिन्याच्या शेवटी एक ईमेल पाठवते, मी त्याच आठवड्यात पैसे टाकतो, यावरून आमचा गेल्या दोन वर्षांत एकही वाद झालेला नाही आणि आम्ही काही फार गोडीगुलाबीने वेगळे झालेलो नाही.

दुसरं, त्याच कागदात असंही आहे की ऑर्डरप्रमाणे इन्शुरन्स असेल तर तोच वापरायचा आणि प्लॅनमध्ये ठरलेले डॉक्टर असतील तर त्यांच्याकडेच जायचं. बाहेरच्या डॉक्टरकडे नेलं तर आतल्या डॉक्टरकडे जे पैसे वाचले असते तेवढे नेणाऱ्याने भरायचे. माझ्या धाकटीला एका नामांकित ॲलर्जी स्पेशालिस्टकडे मला न विचारता नेलं होतं, डॉक्टर उत्तम होते पण नेटवर्कबाहेरचे, ते बिल आम्हा दोघांनाही जड गेलं. म्हणून नवा इन्शुरन्स लागला की आधी मुलाच्या पल्मोनॉलॉजिस्टचं नाव त्या यादीत आहे का बघा आणि नसेल तर तो प्लॅन मुलाच्या गरजेला पुरत नाही हे लेखी मांडा. ते सिद्ध करायची जबाबदारी जो म्हणतो त्याच्यावर असते, म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेवा.

आणि एक विनंती. पैशावरून कितीही राग आला तरी वीकेंडची भेट थांबवू नका. कोर्ट या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देत नाही, आणि मुलाला तर त्यातलं काहीच कळत नसतं.

निळी_शाई (फ्रीमाँट)

भेटी मी कधीच थांबवल्या नाहीत दादा, थांबवणारही नाही. त्याचा बाबा आहे तो.

एफएल-१९२ सापडला, खरंच जजमेंटच्या शेवटी होता. काल रात्री ईमेल केला, इनहेलरची पावती आणि अर्जंट केअरचं बिल जोडून. त्याचं उत्तर आलं की नव्या कंपनीत मुलाला टाकायचं तर फारच महाग पडतं, कोर्टही इतकं महाग घ्यायला लावत नाही. असं काही असतं का?

मोगरा_सॅनहोजे

असतं, पण तो म्हणतो तसं नाही. ऑर्डर अशी असते की इन्शुरन्स 'वाजवी खर्चात' मिळत असेल तर घ्यायचा, आणि कॅलिफोर्नियात वाजवी म्हणजे इन्शुरन्स देणाऱ्या पालकाच्या ग्रॉस उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत असं साधारण धरतात. आणि मोजायचं काय तर एकट्याचा प्लॅन आणि मुलासकटचा प्लॅन यातला फरक. त्याच्या स्वतःच्या प्रीमियमचा भार मुलावर टाकायचा नाही. इथल्या सॉफ्टवेअरच्या पगारावर एका मुलाचा फरक ५ टक्क्यांच्या वर जाणं अवघड आहे. आणि खरंच जात असेल तर त्याने कोर्टात जाऊन ऑर्डर बदलून घ्यायला हवी होती. आपणच ठरवून बंद करणं हा मार्ग नाही.

अर्ध्या अर्ध्याबद्दलही सांगते. १ सप्टेंबर २०२४ पासून इथला कायदा बदललाय, आता इन्शुरन्सबाहेरचा वैद्यकीय खर्च आणि कामासाठी लागणारा चाइल्डकेअर हा दोघांच्या निव्वळ उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचा हाच मूळ नियम धरतात. तुझी ऑर्डर २०२३ ची, त्यात अर्धा लिहिलंय तर बदलेपर्यंत अर्धाच राहणार. पण तुझं आणि त्याचं उत्पन्न यात एवढी तफावत असेल तर बदलून मागायला तुला चांगली जागा आहे. एफएल-३०० फॉर्मवर मागायचं. फी परवडत नसेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी मागता येते. प्रत्येक काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतो, त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. तो तुझा वकील नसतो, तुझ्या बाजूने बोलणार नाही, पण फॉर्म कसा भरायचा, कुठे द्यायचा, दुसऱ्या बाजूला कसा पोचवायचा हे शांतपणे सांगतो. सकाळी लवकर जा, कागद सगळे सोबत ने.

एजन्सीकडे जायचं नसेल तर आणखी एक रस्ता आहे. त्याला लेखी कळवायचं की इन्शुरन्स घेतला नाहीस तर मी थेट एम्प्लॉयरवर ऑर्डर मागणार, १५ दिवस थांबायचं आणि एफएल-४७० फाइल करायचा. पण तुझ्या जागी मी असते तर एजन्सीच निवडली असती, कारण तो उद्या परत नोकरी बदलेल.

काटेकोर_काकू (एडिसन, न्यू जर्सी)

मुली, कॅलिफोर्नियाचं तुम्ही सांगितलंत, मी थोडं दोन इन्शुरन्सचं सांगते कारण माझ्या भाचीच्या बाबतीत यावरून क्लेम महिनोन्महिने लटकले होते.

उद्या मेडि-कॅलही लागलं आणि वडिलांच्या कंपनीचाही लागला तर दोन्ही ठिकाणी खरं सांग. मेडिकेड (मेडि-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं नाव) नेहमी शेवटी पैसे देतं, आधी वडिलांचा प्लॅन. आणि मेडि-कॅलला अर्ज करतानाच ते वडिलांबद्दल विचारतील, मुलाचा मेडिकल सपोर्ट वसूल करण्यात सहकार्य करायची अट असते, घाबरू नको, तुझ्या फायद्याचंच आहे. घरात मारझोडीची भीती असेल तर त्यातून सूट मागता येते, ज्यांना गरज आहे त्यांनी वाचून ठेवा.

पुढे तुला नोकरीतून इन्शुरन्स मिळाला आणि मुलगा दोन्ही प्रायव्हेट प्लॅनवर आला तर आधी कोणाचा हे ऑर्डर ठरवते. ऑर्डरमध्ये अमुक पालकाने आरोग्य कव्हरेज द्यायचं असं असेल तर त्याचा प्लॅन पहिला. ऑर्डर गप्प असेल तर मूल ज्याच्याकडे राहतं त्याचा पहिला, मग त्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा, मग दुसऱ्या पालकाचा. दोघांनीही द्यायचं असं लिहिलेलं असेल तर वाढदिवसाचा नियम, वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा प्लॅन पहिला, वय बघत नाहीत. भाचीच्या डॉक्टरांच्या ऑफिसने सरसकट वाढदिवसाचा नियम लावला होता, ऑर्डरची कॉपी कोणी मागितलीच नव्हती. कॉपी दोन्ही इन्शुरन्स कंपन्यांना पाठव, फाइलला लावायला सांग.

इकडे न्यू जर्सीत थोडं वेगळं आहे, दर मुलामागे वर्षाला २५० डॉलरपर्यंतचा किरकोळ औषधपाण्याचा खर्च चाइल्ड सपोर्टच्या आकड्यात आधीच धरलेला असतो, त्यावरचा उत्पन्नाच्या प्रमाणात. त्यामुळे इकडच्या बायकांनी वरचे कॅलिफोर्नियाचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

पावसाळी_दुपार

मध्येच विचारते, सॉरी. माझी केस अजून चालू आहे, सांता क्लारा काउंटी, जजमेंट झालेलं नाही. नवरा म्हणतोय येत्या ओपन एनरोलमेंटला तुझं आणि मुलीचं दोघींचं नाव काढतो. काढू शकतो का?

मोगरा_सॅनहोजे

नाही. केस फाइल झाल्यावर जो समन्स मिळतो, एफएल-११०, त्याच्या मागच्या बाजूला छापलेले आपोआप लागू होणारे मनाई हुकूम वाच. केस फाइल करणाऱ्याला आणि समन्स मिळालेल्याला, दोघांनाही हेल्थ, लाइफ, ऑटो कुठल्याही इन्शुरन्समधून जोडीदाराला किंवा अल्पवयीन मुलांना काढता येत नाही. त्या पानाचा फोटो काढून त्याला ईमेल कर आणि वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू. जजमेंट झाल्यावर तुझं स्वतःचं नाव मात्र जाईल, तेव्हा तुला ३६ महिन्यांपर्यंत कोब्रा मिळू शकतं, त्यासाठी डिव्होर्स झाल्याचं प्लॅनला ६० दिवसांत कळवावं लागतं.

निळी_शाई (फ्रीमाँट)

अपडेट देते. मेडि-कॅलचा अर्ज गेला. एजन्सीत केस उघडली, जजमेंटची कॉपी अपलोड केली, मुलाच्या डॉक्टरांची नावं आणि दम्याबद्दल वेगळं पत्र लिहून जोडलं. जुन्या कंपनीच्या कोब्रावाल्यांना फोन केला, आधी म्हणाले एम्प्लॉईशीच बोलू शकतो, मग मी मुलाचा स्वतंत्र हक्क, आई म्हणून मी सही करणार असं शांतपणे सांगितलं तर वरच्या माणसाला जोडून दिलं आणि पॅकेट माझ्या पत्त्यावर पाठवतायत. बेनिफिट्स डेस्कवाले दादा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला सुचणंच शक्य नव्हतं.

आता एक्सने नवंच काढलंय. म्हणतो फार त्रास दिलास तर मी पुण्याला परत जातो, मग काय करायचं ते कर. तो एच-१बी वर आहे. खरंच गेला तर?

वकील_कोथरूड

मी पुण्यात फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. अशा केसेस येतात, म्हणून स्पष्ट सांगते, खोटी आशा नको आणि उगीच धास्तीही नको.

भारत २००७ च्या हेग चाइल्ड सपोर्ट करारात नाही, अमेरिका आहे. आणि सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४-अ खाली अमेरिका हा परस्पर मान्यतेचा प्रदेश नाही, म्हणून कॅलिफोर्नियाची ऑर्डर इथे आणून सरळ वसुली लावता येत नाही. तिच्या आधारावर इथे दावा करावा लागतो, परकीय निवाड्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या मुदतीत, आणि परकीय निवाडा मान्य करायच्या कलम १३ च्या कसोट्यांवर ती तपासली जाते. वेळ जातो. इथल्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम तुमच्या मुलाच्या फ्रीमाँटमधल्या डॉक्टरला काही उपयोगाचा नाही हेही उघड आहे.

म्हणून तो तिथे आहे, तिथल्या पगारावर आहे, तोवर जे करायचं ते करून घ्या. विशेषतः ऑर्डरमध्ये अशी तरतूद मागा की वडिलांच्या नोकरीतून इन्शुरन्स मिळत नसेल त्या काळात आईने घेतलेल्या प्लॅनचा मुलापुरता खर्च त्यांनी रोख द्यायचा. तो आकडा थकबाकी म्हणून उभा राहतो. आणि तो पुण्याला येतो म्हणाल्याचा मेसेज असेल तर जपून ठेवा.

मोगरा_सॅनहोजे

वकीलताईंना पूर्ण अनुमोदन. त्यात एवढीच भर, कॅलिफोर्नियात चाइल्ड सपोर्टच्या थकबाकीवर वर्षाला १० टक्के व्याज चढतं आणि ती तो पुण्याला गेला म्हणून मिटत नाही. परत कधी या देशात नोकरीला आला की तिथून पुढे सुरू. २५०० डॉलरच्या वर थकलं की पासपोर्ट अडवतात ते मात्र अमेरिकन पासपोर्टला, त्याच्याकडे भारतीय असेल तर तो उपाय तुला नाही. रोख रकमेची मागणी एफएल-३०० मध्येच लिही, उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणीसोबत, दोन वेळा कोर्टात जायला नको.

निळी_शाई (फ्रीमाँट)

लिहिते तसंच. गुरुवारी फॅसिलिटेटरकडे जातेय, आईला सांगितलंय की त्यांच्या घरी फोन करू नको, ती नाराज झाली पण ऐकलं. शेवटचं एक विचारते, नोटीस जाऊन मुलगा प्लॅनमध्ये आला तर कार्ड येणार त्याच्याच पत्त्यावर ना? मागच्या वेळी मला कार्डाचा फोटो मागायला महिना गेला होता.

बेनिफिट्स_डेस्क (फ्रिस्को, टेक्सस)

नाही ताई, नोटिशीवर मूल ज्याच्याकडे राहतं त्याचा किंवा एजन्सीचा पत्ता असतो आणि प्लॅनने कव्हरेजची माहिती, कार्ड, क्लेमचे फॉर्म तिकडे द्यायचे असतात. तुम्ही बिल भरलं असेल तर क्लेमही तुम्ही स्वतः टाकू शकता आणि पैसे तुम्हाला थेट मिळतात, वडिलांच्या खात्यात जाऊन परत मागायची वेळ येत नाही. केसवर्करकडे तुमचा आताचा पत्ता बरोबर आहे ना तेवढं तपासा. प्लॅनचं नाव कळलं की त्यांच्या मेंबर सर्व्हिसेसला फोन करून मुलाच्या नावाने वेगळं ऑनलाइन अकाउंट उघडता येतं का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी येतं. काही अडलं तर इथेच लिहा, मी बघतो.